पूल अर्धा-अर्धा पाडावा की नवा शेजारी बांधून सरकवावा?

महामार्गाचा पूल बदलताना वाहतूक चालू ठेवायची, तर पेच इथेच पडतो.

अर्ध्या-अर्ध्या पद्धतीत एका अर्ध्यावर वाहतूक चालते आणि दुसरा अर्धा पाडून नवा बांधतात, मग अदलाबदल. खर्च सहसा कमी. पण अरुंद मार्गिकांचा जाच महिनोन्‌महिने चालतो आणि मजूर धावत्या गाड्यांशेजारी राबतात. मला हेच सर्वांत जास्त खटकतं. शिवाय दुसऱ्या भागाचं काँक्रीट ओतताना पहिल्यावरची वाहतूक हादरे देते, त्यामुळे मधला सांधा कमकुवत राहून पुढे पाणी झिरपू शकतं.

शेजारी बांधलेला नवा पूल जुन्याच्या जागी सरकवायला जॅक (ढकलणारी यंत्रं), तात्पुरते आधार आणि मोकळी जागा लागते. रस्ता मात्र सहसा काही दिवसच पूर्ण बंद.

शेजारी जागा आणि पर्यायी रस्ता असेल तर सरकवा. इंटरचेंजचे रॅम्प (महामार्गावर चढ-उताराचे जोडरस्ते) पुलाला चिकटून असतील, तर शेजारी जागा उरत नाही; मग अर्धा-अर्धाच बरा.