घाऊक दुकानाची मेंबरशिप: वर्षभराच्या वापरानंतर, दुकानाबद्दल थोडं आणि गिऱ्हाइकांबद्दल बरंच

न्यू जर्सीत नव्याने आलेली मराठी कुटुंबं एक प्रश्न हमखास विचारतात: वार्षिक फी भरून कार्ड घेतलेल्यांनाच जिथे खरेदी करता येते, अशा घाऊक दुकानाची मेंबरशिप घ्यावी का? त्यांना उत्तर मिळतं ते भावांचं. तूप स्वस्त, बासमतीची मोठी गोणी स्वस्त, दूध-अंडी स्वस्त, गाडीत गॅस, म्हणजे पेट्रोल, भरायचा तर तोही स्वस्त. हे सगळं खरं आहे. आमच्या चौघांच्या घरात वर्षाची फी पहिल्या काही महिन्यांतच वसूल झाली, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. शनिवारी दुपारी तिथे माणसं एकमेकांशी आणि कामगारांशी कशी वागतात, हे मात्र कोणी सांगत नाही. मी सप्टेंबर २०२४ मध्ये मेंबर झाले. आता नूतनीकरणाची वेळ आली आहे, म्हणून हा अनुभव लिहिते आहे. दुकान कोणतं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार दुकानाची नाही. दुसऱ्या साखळ्यांत जाणाऱ्या मैत्रिणींकडूनही हेच ऐकायला मिळतं.

या दुकानांची घडण समजली की तिथलं अर्धं वागणं समजतं. १९७६ साली सोल प्राइस यांनी सॅन डिएगोत विमानांच्या जुन्या हँगरमध्ये ‘प्राइस क्लब’ सुरू केला, तो सुरुवातीला फक्त व्यावसायिकांसाठी होता. १९८३ मध्ये सिएटलला कॉस्टको आणि ओक्लाहोमात सॅम्स क्लब निघाला. पुढे १९९३ मध्ये प्राइस क्लब आणि कॉस्टको एक झाले. हॉटेलवाला किंवा छोटा दुकानदार यादी घेऊन येणार, खोकी उचलणार आणि निघणार, असा तो हिशोब होता. म्हणून माल लाकडी पॅलेटवरच ठेवलेला, खाली सिमेंटची जमीन, पिशव्या नाहीत. मोठ्या सुपरमार्केटमध्ये तीस हजार किंवा त्याहून जास्त प्रकारच्या वस्तू असतात, कॉस्टकोत चार हजारांहून कमी. दुकान आजही तसंच आहे, गिऱ्हाईक मात्र बदललं. आता आजी-आजोबांपासून स्ट्रोलरमधल्या बाळापर्यंत अख्खं घर येतं, भारतातून आलेल्या आईवडिलांना आपणही तिथे दाखवायला म्हणून नेतो. गोदामात सहलीची गर्दी झाली की काय होतं, ते मी वर्षभर पाहते आहे.

माझ्या वडिलांचं सासवडला किराणा दुकान होतं. माल भरायला ते पुण्याच्या मार्केट यार्डात जायचे आणि सुट्टीत मला सोबत न्यायचे. भुसार बाजारात गर्दी, आरडाओरडा, धूळ, सगळं असायचं, पण काही गोष्टी कोणी मोडत नसे. पाठीवर पोतं घेतलेला हमाल आला की मोठ्यातला मोठा व्यापारीही बाजूला सरकायचा. धान्य मूठभर हातावर घेऊन पाहायचं, पिशवी भरून नाही. आणि सौदा झाल्यावर दुसऱ्याच्या मालाला हात लावायचा नाही. ही शिस्त कोणी फलकावर लिहून लावलेली नव्हती. तिथे रोज तीच माणसं भेटायची, म्हणून ती टिकायची. इथे दर शनिवारी समोर अनोळखी माणसं असतात, आणि प्रत्येकाच्या खिशात फी भरल्याचं कार्ड.

सुरुवात पार्किंगपासून होते. दारापासून चार गाड्या जवळची जागा मिळावी म्हणून लोक सामान भरणाऱ्या कुटुंबाच्या मागे गाडी लावून, इंडिकेटर चालू ठेवून बसतात. मागे सात-आठ गाड्या अडकतात. सामान भरणाऱ्या माणसाला घाई करायला हॉर्नही वाजवतात, तिकडे बाळाचा सीटबेल्ट लावायचा चाललेला असतो. रिकामी कार्ट परत ठेवायची जागा तीस पावलांवर असते, तरी ती शेजारच्या रिकाम्या जागेत सोडून देतात किंवा पुढची चाकं फुटपाथच्या कडेवर चढवून निघून जातात. वारा सुटला की ती कार्ट कोणाच्या तरी गाडीवर आपटते. जानेवारीत, बर्फाच्या चिखलात, कार्टची लांबलचक रांग ढकलत आणणारी पोरं मी पाहिली आहेत. ती कॉलेजच्या वयाची असतात.

आत शिरताना दारातच थांबून पर्समध्ये कार्ड शोधणं, हे तर जवळजवळ प्रत्येक वेळी. मागची माणसं खोळंबतात. दूध आणि भाजीच्या थंड खोलीच्या तोंडावर कार्ट आडवी लावून आत जाणारे रोज भेटतात. त्या गल्ल्या पॅलेट आणणाऱ्या गाड्यांच्या मापाने रुंद ठेवलेल्या आहेत, पण दोन कार्ट समोरासमोर उभ्या करून गप्पा मारणाऱ्या दोन कुटुंबांना ती रुंदीही पुरत नाही. आपल्या ओळखीचं कोणी भेटलं की आपणही हेच करतो, विशेषतः तांदळाच्या गोण्यांपाशी.

खाण्याची फुकट चव देणाऱ्या सॅम्पलच्या टेबलाबद्दल मला जास्त बोलायचं आहे. तिथे उभ्या असलेल्या बाया आणि पुरुष पुष्कळदा वयस्क असतात. बहुतेक वेळा ते दुकानाच्या नोकरीत नसतात, सॅम्पल देणारी कंपनी वेगळी असते. छोट्या ओव्हनमध्ये काहीतरी भाजून कागदी कपात घालून एकेक पुढे ठेवायचं, एवढंच त्यांच्या हातात असतं. मिनिटाला किती कप निघतील ते ओव्हन ठरवतो. पण भोवती कोंडाळं करून उभे राहिलेले लोक त्यांच्याकडे उधारी थकवल्यासारखं बघतात. कप ठेवायच्या आधीच ट्रेवर हात पडतो. एकेक माणूस पाच-सहा कप उचलतो, ‘मुलांसाठी’ म्हणतो, आणि मुलं तिथे नसतात. रिकामे कप नंतर सापडतात ते घडी केलेल्या जीन्सच्या ढिगावर किंवा पुस्तकांच्या टेबलावर, दोन पावलांवर कचऱ्याचा डबा असताना.

एकदा त्या कोंडाळ्यात माझ्या शेजारी आपल्याच दोन बायका होत्या. सॅम्पल देणाऱ्या आजींचे हात थरथरत होते. त्यातली एक मोठ्याने मराठीत म्हणाली, “म्हातारीला उभं राहवत नाही, कशाला ठेवलंय हिला?” मी तिला म्हटलं, “ताई, त्यांना मराठी येत नाही, पण मला येतं. आणि आपल्या घरी या वयाचं कोणी असेल ना?” ती काही न बोलता कार्ट घेऊन गेली. परक्या देशात आपली भाषा म्हणजे आडोसा आहे असं समजून लोक काहीही बोलतात. बोलणाऱ्याचा सूर आणि नजर समोरच्या माणसाला न कळण्याइतकी परकी नसते. त्या आजींना नेमके शब्द कळले नसतील, पण आपल्याबद्दल काय चाललं आहे ते कळलं होतं. त्यांनी मान खाली घातली होती.

अन्नाची नासाडी बघवत नाही. गोठवलेली कोळंबी घेतली, पुढे गेल्यावर विचार बदलला, तर ती परत फ्रीझरपर्यंत न नेता टॉवेलच्या ढिगावर टाकून द्यायची. नाशवंत अन्न दोन तासांहून जास्त वेळ फ्रिजबाहेर राहिलं तर खाऊ नये, असं इथल्या कृषी खात्याचं सांगणं आहे. ते पाकीट तिथे कधीपासून पडलं होतं हे कोणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे ते थेट कचऱ्यात जातं. नको असेल तर चेकआउटवर द्या, तिथले लोक हसून घेतात आणि लगेच जागेवर पाठवतात.

अंड्यांचंही तसंच. खोकं उघडून फुटलेलं अंडं आहे का पाहणं योग्यच आहे. पण फुटलेलं निघालं तर खोकं बाजूला ठेवून दुसरं घ्यायचं सोडून लोक शेजारच्या खोक्यातलं चांगलं अंडं काढून आपल्यात घालतात आणि फुटलेलं त्यात ठेवतात. मागून येणाऱ्याला ते मिळतं, ही एक गोष्ट झाली. दुसरी त्याहून गंभीर आहे. सरकारी ग्रेडचा शिक्का असलेल्या खोक्यावर पॅक केल्याचा दिवस तीन आकड्यांत छापलेला असतो: १ जानेवारीला ००१, ३१ डिसेंबरला ३६५. शिवाय पॅक करणाऱ्या कारखान्याचा नंबर असतो. साल्मोनेला या जंतूमुळे एखाद्या तारखेची अंडी परत मागवली, तर लोक घरी तो नंबर बघूनच ठरवतात. अदलाबदल झालेल्या खोक्यात त्या नंबराला काही अर्थ उरत नाही. मी दोनदा लोकांना हे समजावून सांगितलं. एका गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि खोकं बदललं, दुसऱ्यांनी “मी मेंबर आहे” एवढंच उत्तर दिलं.

२०२५ मध्ये बर्ड फ्लूमुळे अंड्यांची टंचाई झाली तेव्हा हे सगळं टोकाला गेलं. मार्चमध्ये अमेरिकेत डझनाचा सरासरी भाव ६.२३ डॉलरवर पोचला होता. बऱ्याच दुकानांनी माणशी मर्यादा घातली. मग सकाळी दार उघडताच लोक कार्ट घेऊन धावत मागच्या भिंतीपर्यंत जाऊ लागले. आमच्या डोळ्यांदेखत एक वयस्क बाई बाजूला ढकलली गेली. मर्यादा चुकवायला नवरा एका रांगेत, बायको दुसऱ्या, कॉलेजातला मुलगा तिसऱ्या. त्याआधी १ ऑक्टोबर २०२४ ला पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांत गोदी कामगारांचा संप झाला, तेव्हा टॉयलेट पेपरवर झुंबड उडाली होती. अमेरिकेत वापरला जाणारा टॉयलेट पेपर बहुतांश याच खंडात बनतो, जहाजाने येत नाही. संप तीन दिवसांत थांबला. तेवढ्यात आमच्या दुकानातली ती अख्खी बाजू रिकामी झाली होती, आणि ज्यांच्या घरात खरंच संपलं होतं ते तसेच परत गेले.

चेकआउटवर कार्ट रांगेत उभी करून स्वतः उरलेली खरेदी करायला जाणारे आहेत. रांग पुढे सरकते, कार्ट सरकत नाही. पुढे घ्यावी तर भांडण, न घ्यावी तर मागचे ओरडतात. बाहेर पडताना पावती तपासणाऱ्या माणसावर चिडणारे मला सर्वांत कमी समजतात. भारतात डी-मार्टच्या दारात बिल दाखवतो तेव्हा आपण चिडत नाही. इथेही पावती आणि कार्ट यांचा मेळ बसतो का, एवढंच बघतात, आणि चुकून एखादी वस्तू दोनदा लागली असेल तर ती तिथेच पकडली जाते. माझ्या पावतीवर डिटर्जंट दोनदा लागलं होतं, ते दारातल्या बाईंनीच दाखवून दिलं.

रिटर्नच्या खिडकीपाशी उभं राहिलं की लाज वाटते. ही दुकानं परतीच्या बाबतीत फार उदार आहेत. कॉस्टकोत बहुतेक वस्तूंना परत करायची मुदतच नाही. त्याचा अर्थ वस्तू बिघडली किंवा पटली नाही तर घेऊन या, असा आहे. लोक त्याचा अर्थ भाड्याचं दुकान असा करतात. अर्ध्याहून जास्त संपलेला चीझचा डबा, एका पार्टीपुरत्या वापरलेल्या खुर्च्या, दोन उन्हाळे अंगणात राहून रंग उडालेली छत्री, हे सगळं मी स्वतः रांगेत उभी असताना पुढे सरकवलेलं पाहिलं आहे. परत आलेलं अन्न पुन्हा विकता येत नाही. आणि या सवलती कायमच्या नसतात. कॉस्टकोत टीव्हीलाही पूर्वी मुदत नव्हती, २००७ मध्ये ती ९० दिवसांवर आली. एल. एल. बीन या कंपनीची आयुष्यभराची परतफेड २०१८ मध्ये एका वर्षावर आली, आणि लोक गैरफायदा घेतात हे कारण कंपनीने उघडपणे सांगितलं. ज्याचा गादीचा नग खरंच खराब निघतो, त्याला पुढे याची किंमत मोजावी लागणार आहे.

‘मी फी भरली आहे’ हे वाक्य मी या वर्षात फार ऐकलं. कॉस्टकोची साधी वार्षिक फी १ सप्टेंबर २०२४ पासून ६० वरून ६५ डॉलर झाली. ६५ डॉलरमध्ये भाव विकत मिळतो, बाराशे माणसांत पहिला नंबर नाही. आणि समोरचा कॅशिअर तर मुळीच नाही.

चांगलं वागणारेही आहेत, आणि ते नोंदवायलाच हवं. हातात फक्त दुधाचे दोन कॅन असले तर रांगेतली निम्मी माणसं पुढे जाऊ देतात. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीची खरेदी करायला या ऑगस्टमध्ये आम्ही गेलो तेव्हा आधीच ठरवलं होतं: गुरुवारी रात्री जायचं, माणसं तीनच, यादी विभागून, आणि सामानाची वाटणी पार्किंगमध्ये न करता थेट हॉलवर. पत्रावळी, पाणी, ज्यूस, फळं, सगळं तासाभरात झालं. कॅशिअरने जड खोकी कार्टमध्येच राहू द्या म्हणून सांगितलं आणि हातातल्या स्कॅनरने घेतली. आम्ही सगळ्यांचे बारकोड वर करून ठेवले होते, ते बघून तो खूश झाला.

तर मेंबरशिप घ्यावी का? घर चार माणसांचं असेल, फ्रीझर मोठा असेल, तर घ्या. दोघंच असाल तर शेजारच्या कुटुंबाबरोबर सामान वाटून घ्या, पण कार्ड उसनं देऊ नका. शनिवार-रविवारी अकरा ते चार टाळा. आठवड्यात संध्याकाळी सातनंतर जा. गॅस भरायला टाकी कोणत्या बाजूला आहे याची चिंता नको. बऱ्याच ठिकाणी पाइप लांब असतो, पलीकडे पोचतो, त्यामुळे जी रांग छोटी तिथे लागा आणि भरून झाल्यावर फोन बघत बसू नका.

मी यंदाही मेंबरशिप चालू ठेवते आहे. मे महिन्यात मी मॅनेजरना लेखी सूचना दिली होती: सॅम्पलची टेबलं गल्ल्यांच्या चौकातून काढून मागच्या भिंतीला लावा, आणि तिथल्या माणसांना बसायला उंच स्टूल द्या. त्यांनी दोन टेबलं हलवली. दुधाच्या खोलीसमोरची कोंडी आता शनिवारीही बरीच सुटते. स्टूल अजून आलेले नाहीत. नूतनीकरणाला जाईन तेव्हा पुन्हा विचारणार आहे.