ठसे घ्यावेत की रंग? माझा निर्णय ‘ळ’ने केला

संक्रांत महिन्यावर आली की लातुरात ओळखीचं कोणीतरी विचारतंच: यंदा शुभेच्छापत्रं घरी करायचीत, पैसे ठशांत घालू की रंगांत? मी दोन्हींत घातलेत. आधी चार वर्षं ठसे वापरले, आता तिसरं वर्ष रंगांचं आहे. त्यामुळे खाली जे लिहितोय ते माझ्या टेबलावरचं आहे, तुमचा अनुभव थोडा वेगळा असू शकेल.

ठशांची बाजू आधी सांगतो, कारण ती भक्कम आहे. ऑफिसातून आल्यावर दोन संध्याकाळी बसलो तर चाळीस कार्डं होतात आणि चाळिसावं कार्ड पहिल्यासारखंच दिसतं. हात थरथरतो म्हणणाऱ्यालाही जमतं. पारदर्शक ठसा नवा असताना शाई धरत नाही, थेंब थेंब होऊन बसते. त्यावर खोडरबर हलकेच फिरवलं की धरू लागतो. कार्डाखाली जुन्या वर्तमानपत्राच्या चार घड्या ठेवल्या तर ठसा भरीव उमटतो. नक्षीसाठी तर मी अजूनही ठसाच वापरतो. पैठणीच्या नारळी काठाचा एकच त्रिकोण साध्या खोडरबरावर कोरला आणि ओळीने मारत गेलो की कार्डाला पुरा काठ येतो. कोरताना पातं रेघेपासून बाहेर तिरकं धरायचं, म्हणजे रेघेचं बूड रुंद राहतं आणि ती तुटत नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये शाईचे पॅड सुकतात, एवढीच तक्रार. जाड, सावकाश सुकणाऱ्या शाईचे पॅड उलटे ठेवले तर बरेच टिकतात.

अडलं ते अक्षरांपाशी.

बाजारातले तयार संच बहुतेक इंग्रजी मजकुराचे. पहिल्या वर्षी मी तेच वापरले. औसा तालुक्यातल्या आत्याबाईंना वाढदिवसाला मोराचं कार्ड पाठवलं. त्यांचा फोन आला, “चित्र लई चांगलंय रे, पण लिवलंस काय ते कळंना.” शेजारच्या पोराकडून वाचून घ्यावं लागलं त्यांना. आपल्या माणसाची शुभेच्छा तिसऱ्याच्या तोंडून ऐकायची, हे मला फार लागलं.

मग सुट्या देवनागरी अक्षरांचा संच मिळवला. तो हिंदीसाठी केलेला होता. संक्रांतीची कार्डं करायला बसलो आणि लक्षात आलं, यात ळच नाही. ‘तिळगूळ’ या एका शब्दात तो दोनदा लागतो. ल मारून भागवणं मला जमणार नव्हतं. जवळ होतं तेही नीट बसेना: प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळ्या उंचीला, ‘शु’चा उकार खाली लोंबलेला आणि ‘शुभेच्छा’मधल्या ‘च्छा’ला संचात जागाच नाही. दोन अक्षरांतली फट बुजवायला मी पेनने रेघ ओढायचो आणि ती रेघच सगळ्यात आधी नजरेत भरायची.

यावर उपाय आहे आणि तो लपवत नाही. संस्थांचे, दुकानांचे रबरी शिक्के करून देणाऱ्याकडे ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असा अख्खा शिक्का करून मिळतो, ळ अगदी नीट. मी केला, दोन वर्षं वापरला. पण वर ‘सौ. आत्याबाई यांस’ हाताने लिहायचं आणि खाली शिक्का मारायचा, म्हणजे छापील अर्जातली रिकामी जागा भरल्यासारखं दिसायचं. वाढदिवसाला दुसरा शिक्का, बारशाला तिसरा, आणि कोणाला दोन ओळी जास्त लिहाव्यात तर सोय नाही. तिथून मी कुंचल्याकडे वळलो.

रंगांचा त्रास कमी नाही. पाणी लागलं की कागद वाकतो आणि कार्ड शोकेसमध्ये उभंच राहत नाही. मी चित्र वेगळ्या तुकड्यावर करतो, रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबतो आणि सकाळी दुहेरी टेपने कार्डावर चिकटवतो. फेव्हिकॉल नको, त्यातल्या पाण्याने पुन्हा सुरकुत्या येतात. उन्हाळ्यात दुपारी रंग पसरायच्या आत कडा सुकतात, म्हणून काम सकाळी सातच्या आत. आमच्या बोअरच्या क्षाराच्या पाण्याने गडद निळ्यावर पांढुरकी झाक येत होती, जारचं पाणी घेतल्यावर ती गेली. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली तेव्हापासून कागद करणारे तिथे वसले असं सांगतात. तिथला हातकागद खडबडीत, त्यावर माझे ठसे तुटक उमटले. पातळ जलरंगही तो पिऊन टाकतो, मात्र दाटसर पोस्टर कलर सुरेख बसतो.

टिकल्या, कुंदन, मोती दोन्हीकडे सारखेच चालतात, फक्त टपालाचा विचार करा. 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणारा, ए-5 (ए-4च्या निम्मा) कागद मधोमध दुमडला तर कार्ड नऊ-साडेनऊ ग्रॅमचं होतं. साध्या पत्राचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा, त्यात पाकीटही बसवायचं. उरलेल्या चार-पाच ग्रॅमात हात आखडता घ्यावा लागतो. शिवाय तिकिटावर तारखेचा शिक्का आपटतो तेव्हा खालचा कुंदन फुटतो. माझे दोनदा फुटले. आता सजावट तिकिटापासून लांब, खालच्या डाव्या कोपऱ्यात.

शाळेसाठी, मंडळासाठी शंभर कार्डं करायची असतील तर ठसेच घ्या, उगीच हात दुखवू नका. पण दहा-पंधरा माणसांना, नाव घालून, मराठीत पाठवायची असतील तर माझा कल रंगांकडे आहे. चपटा कुंचला तिरका धरला की बोरूसारखी जाडबारीक रेघ येते आणि शिरोरेषा एका झटक्यात ओढली जाते. आठवडाभर जुन्या वर्तमानपत्रावर सराव पुरतो. सुरुवात ळपासून करा, त्याची दोन्ही पोटं सारखी यायलाच वेळ लागतो. माझं डावं अजून मोठं येतं. गेल्या संक्रांतीचं कार्ड आत्याबाईंनी देवघराशेजारी लावलंय आणि आल्यागेल्याला त्या ते स्वतः वाचून दाखवतात.