जुनी स्पोर्ट्स कार तपासून घेतली: चार तारे, पाचवा रिपोर्टच्या कागदाने घालवला

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासल्या. त्यामुळे जुनी गाडी घ्यायची ठरली तेव्हा रंग आणि सीटच्या लेदरपेक्षा मला तिची वही बघायची होती. हवी होती पोर्शे 911, 997 पिढीतली कॅरेरा एस, सहा गिअरची मॅन्युअल. या गाडीत खरोखरच वही असते. इंजिन सांभाळणारा डीएमई नावाचा कॉम्प्युटर इंजिन मर्यादेबाहेर कधी आणि किती फिरलं ते वेगाच्या चढत्या सहा टप्प्यांत, म्हणजे रेंजमध्ये, लिहून ठेवतो. नेहमीचे फॉल्ट कोड पुसले तरी ही नोंद तशीच राहते. ती वाचून देणारी, विक्रीपूर्व तपासणीची सेवा मी दोन गाड्यांसाठी घेतली. सेवेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि ज्याने काम केलं तो मुलगा गुणी आहे.

पहिली गाडी 68 हजार किलोमीटर चाललेली. लॅपटॉप जोडला, दोन मिनिटांत तक्ता आला आणि माझ्या पोटात गोळा. रेंज 1 मध्ये 18,640. रेंज 2 मध्ये 2,310. त्यापुढे चारही ओळींत शून्य. मी मनातल्या मनात गाडीचा नाद सोडलाही होता.

"काका, घाबरू नका," तो म्हणाला. "या इंजिनाच्या फेऱ्या नाहीत, ठिणग्या आहेत."

मग त्याने माझ्याच वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. सहा सिलिंडर, चार स्ट्रोक, म्हणजे एका फेरीत तीन ठिणग्या. 7,300 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्या असताना, मिनिटाला 21,900 ठिणग्या, सेकंदाला 365. आता 18,640 ला 365 ने भागा: 51 सेकंद. गाडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून एक मिनिटसुद्धा नाही. कुणीतरी हौसेने रेव्ह लिमिटरपर्यंत नेऊन घासली आहे, बस्स. लिमिटर तिथे त्याचं काम करतो, पेट्रोल तोडतो.

खरी भानगड वरच्या रेंजमध्ये असते, आणि ती चुकीच्या गिअरने होते. तिसऱ्यातून चौथ्यात जायचंय, हात सरळ मागे यायला हवा, तो घाईत डावीकडे सरकतो आणि दुसरा पडतो. या गिअरबॉक्सचं गुणोत्तर तिसऱ्याला 1.61 आणि दुसऱ्याला 2.32 आहे. म्हणजे 6,500 वर असं झालं आणि क्लच सोडला की इंजिन 9,300 च्या पुढे ओढलं जातं. लिमिटर पेट्रोल तोडून करणार काय? इंजिनाला त्या क्षणी पेट्रोल फिरवतच नाही, चाकं फिरवतात. फिरत्या भागांवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे 7,300 च्या तुलनेत तिथे तो दीडपटीहून जास्त होतो. स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत मिटवायला सवड मिळत नाही आणि पिस्टन येऊन व्हॉल्व्हला भेटतो. (ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्स असा गिअर घ्यायलाच नकार देतो. माझा हट्ट मॅन्युअलचा, तेव्हा ही डोकेदुखीही माझीच.)

दुसरी गाडी चकचकीत. 46 हजार किलोमीटर, सर्व्हिसची पावती न पावती फाइलला लावलेली, मालक गोड बोलणारे. "कधी ताणलीच नाही हो," हे वाक्य त्यांनी मोजून तीनदा म्हटलं. तक्ता आला: 412, 188, 96, 141, 73 आणि शेवटी शून्य. पहिलीच्या मानाने अगदी किरकोळ आकडे. मी खूश होणार एवढ्यात मुलाने बोट आकड्यांवरून उचलून शेजारच्या रकान्यात ठेवलं. तिथे प्रत्येक रेंजची शेवटची घटना इंजिनाच्या कितव्या तासाला झाली ते लिहिलेलं असतं. पाचही ओळींत एकच आकडा, 903. आणि इंजिनाचे एकूण तास 914.

म्हणजे एकाच झटक्यात इंजिन रेंज 1 पासून 5 पर्यंत चढलं. पाचव्या रेंजमध्ये ते सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतकंही राहिलं नसेल, पण तेवढं पुरतं. आणि हे 11 तासांपूर्वी झालं. या गाडीच्या सरासरीने जेमतेम साडेपाचशे किलोमीटर. पाचशे तासांपूर्वी झालं असतं तर इंजिनाने त्यानंतर धावून स्वतःची साक्ष दिली असती. इथे साक्षीला वेळच मिळालेला नाही. गाडी विकायला नेमकी आत्ताच का काढली, हे मी विचारलं नाही. सिलिंडरमधून हवा किती गळते ते बघणारी लीक-डाउन टेस्ट करू म्हटलं, तर मालकांना एकाएकी स्पार्क प्लग काढण्याची भीती वाटू लागली. आम्ही नमस्कार करून निघालो.

तासांचा आणखी एक उपयोग मला फार आवडला, हिशेबनिसाला आवडावा असाच. किलोमीटरला तासांनी भागायचं. दोन्ही गाड्यांत उत्तर पन्नासच्या आसपास आलं, पटण्यासारखं. ते वीस आलं असतं तर मी मीटरकडे संशयाने पाहिलं असतं, आणि दीडशे आलं असतं तर डीएमईच बदललेला नाही ना, हे विचारलं असतं. कोरी वही म्हणजे स्वच्छ व्यवहार, असं माझ्या धंद्यात कुणी मानत नाही.

आता तक्रार. संध्याकाळी ईमेलवर रिपोर्ट आले. त्यात ओव्हर-रेव्हच्या, म्हणजे मर्यादेबाहेर फिरण्याच्या, नावाने एकच ओळ: पहिल्या गाडीला "एकूण 20,950" आणि पुढे पिवळा ठिपका, दुसरीला "एकूण 910" आणि हिरवा ठिपका! सहाही रेंज एकत्र बेरीज करून टाकलेल्या, तासांचा रकाना गायब. हातउसने आणि घरावरचं कर्ज एका ओळीत मिळवल्यासारखं. मी तिथे हजर नसतो, नुसता कागद वाचला असता, तर आज हिरव्या ठिपक्याची गाडी माझ्या दारात असती. फोन केला तर ऑफिसमधल्या बाई म्हणाल्या की फॉर्म असाच आहे, सगळ्यांना हाच जातो. मुलाने मात्र मूळ स्क्रीनचे फोटो स्वतःहून पाठवले. तेव्हा ही सेवा घेणार असाल तर दोन गोष्टी करा: तपासणीला स्वतः जा, आणि सहा ओळी तासांसकट दिसतील असा स्क्रीनचा फोटो मागून घ्या.

पहिल्या गाडीची लीक-डाउन टेस्ट रीतसर झाली. गाडी लिफ्टवर, एकेका सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडायची, किती गळते ते घड्याळावर बघायचं आणि कुठून गळते ते कानाने ऐकायचं. सायलेन्सरच्या नळीत फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेककडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर पिस्टन रिंग. त्याने मला नळीला कान लावायला सांगितलं. मी लावला. काहीच नाही. सहाही सिलिंडर 5 ते 8 टक्क्यांत. दीड तास गेला, पण घाई कुठेच केली नाही.

पिवळ्या ठिपक्याची गाडी घेतली. परवा सर्व्हिसिंगला नेली तेव्हा तक्ता पुन्हा काढायला लावला. रेंज 1 मध्ये 212 ठिणग्या वाढल्यात. अर्ध्या सेकंदाच्या थोडं वर. त्या माझ्या.