‘आमचा गेम खेळून मत सांग’ असा निरोप आला तर फाईल उघडू नका

कुणी डिस्कॉर्डवर, म्हणजे गेम खेळणाऱ्यांच्या चॅट ॲपवर, ‘आमचा फँटसी आरपीजी (एखादं पात्र होऊन कथा जगायचा गेम) जवळजवळ तयार झालाय, जरा खेळून ग्राफिक्स, कॉम्बॅट आणि स्टोरी कशी वाटते ते सांग’ असं म्हणत फाईल पाठवली, तर ती उघडू नका. निरोप ओळखीच्या माणसाकडून आला असेल तर जास्तच जपा. आधी त्याला फोन लावा, त्याचा आवाज ऐका, मग पुढचं. या एका निरोपापायी माझं ईमेल, डिस्कॉर्ड, स्टीम (गेम्सचं ऑनलाइन दुकान) आणि गेम्सवर मराठीत बोलायला सुरू केलेलं चॅनल एका रात्रीत दुसऱ्याच्या ताब्यात गेलं. त्यातलं सगळं अजून परत मिळालेलं नाही.

मला निरोप आला तो आमच्या ग्रुपमधल्या सोलापूरच्या एका मुलाच्या अकाऊंटवरून. इंजिनिअरिंगला आहे, मला ताई म्हणतो, आम्ही रात्र रात्र एकत्र खेळलोय. त्या दिवशी तो इंग्रजीत लिहीत होता. ग्रुपवर निम्मी बोलणी इंग्रजीतच चालतात, त्यामुळे त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. म्हणाला, मित्राच्या छोट्या टीमनं गेम बनवलाय, क्लोज्ड बीटा, म्हणजे निवडक लोकांकडून चाचणी, चालू आहे, तू आरपीजीचं बारकाईनं बघतेस, तुझं मत त्यांना हवंय. पैशांची मोठी आमिषं नव्हती. फॉर्म भरून दिला की छोटंसं गिफ्ट कार्ड, एवढंच.

तो फॉर्म मी नीट सांगते, कारण या फसवणुकीचं खरं कसब त्यात होतं. तीन भाग, प्रत्येकाला दहापैकी गुण. ग्राफिक्सखाली प्रश्न होता की गुहेतून उजेडात येताना प्रकाशाचा बदल नैसर्गिक वाटतो का. कॉम्बॅटखाली: तलवारीचा घाव शत्रूला लागल्याचं वजन जाणवतं का, डॉज (घाव चुकवायचं बटण) दाबल्यावर उशीर होतो का, एकाच वेळी तीन शत्रू आले तर कॅमेरा भरकटतो का. स्टोरीखाली: नायिकेचा भाऊ कुठे गेला असेल याची उत्सुकता पहिल्या अर्ध्या तासात लागते का. हे प्रश्न गेम न खेळणाऱ्याला सुचत नाहीत. ज्यानं ते लिहिले त्याला आरपीजी खेळणाऱ्याच्या मनाची नस सापडलेली होती. आपल्या मताला इतकं महत्त्व देणारं माणूस भेटलं की हात आपोआप डाउनलोडच्या बटणाकडे जातो, आणि हा फॉर्म बनवणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं.

गेमची वेबसाइटही होती. पडक्या देवळासमोर उभी राहिलेली योद्धी, मागे धुकं, चाळीसेक सेकंदांचा ट्रेलर, खाली बीटाचा कोड टाकायची चौकट. फाईल झिप होती आणि तिला पासवर्ड होता, तो चॅटमध्ये वेगळा दिला. अँटिव्हायरसनं अडवलं तर घाबरू नकोस, बीटाला अजून डिजिटल सही नाही म्हणून तसं दाखवतं, थोडा वेळ बंद ठेव, असंही आधीच सांगून ठेवलेलं. इन्स्टॉलर चालला, लोगो आला, पट्टी भरत गेली, आणि शेवटी ‘ग्राफिक्स ड्रायव्हर जुळत नाही’ असा एरर देऊन सगळं बंद झालं. समोरच्यानं लगेच दिलगिरी व्यक्त केली. टीमला कळवतो, उद्या नवीन बिल्ड देतो, म्हणाला. तो ‘उद्या’ फार विचार करून दिलेला होता. आपण निवांत झोपतो आणि त्यांना रात्र मोकळी मिळते.

गेम मुळात नव्हताच. त्या इन्स्टॉलरमध्ये इन्फोस्टीलर होता, म्हणजे माहिती चोरणारा प्रोग्रॅम. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डांचे तपशील, डिस्कॉर्डचं टोकन (पासवर्डशिवाय आत नेणारी खूण), क्रिप्टोचं वॉलेट असेल तर ते, आणि सगळ्यात घातक म्हणजे लॉगिनच्या कुकीज, हे सगळं तो गोळा करतो आणि काही क्षणांत बाहेर धाडतो. मला नंतर अनेकांनी विचारलं, ‘तुझं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू नव्हतं का?’ चालू होतं. जत्रेत तंबूच्या दारात एकदा तिकीट दाखवलं की हातावर शिक्का मारतात, पुढे तिकीट कुणी विचारत नाही. कुकी म्हणजे तो शिक्का. चोराकडे शिक्काच गेला की पासवर्डही नको आणि ओटीपीही नको.

रात्रीतून काय झालं ते सकाळी फोनवर ओळीनं दिसत होतं. ईमेलचा रिकव्हरी नंबर बदललेला. स्टीमवरचे विकता येण्याजोगे सगळे आयटम कुणा अनोळखी खात्याकडे ट्रेड झालेले. चॅनलचं नाव बदलून त्यावर क्रिप्टोचं लाइव्ह चालू. कार्डावर परदेशातल्या दुकानांचे व्यवहार करून बघितलेले; बाहेरच्या वेबसाइटवर कार्ड वापरताना अनेकदा ओटीपी मागतच नाहीत, हे लक्षात ठेवा. आणि मला सर्वांत जास्त लागलं ते हे की माझ्या नावानं ग्रुपमधल्या धाकट्या मुलामुलींना तोच निरोप गेलेला होता. तोच गेम, तेच तीन भाग. माझं ऐकतात, माझ्या शब्दावर गेम विकत घेतात अशी ही मुलं. दुपारी सोलापूरहून फोन आला. ‘ताई, माझं अकाऊंट गेलंय गं. तुला माझ्याकडून काही आलं होतं का?’ त्याच्याही बाबतीत निरोप धाडणारा असाच कुणीतरी जवळचा मित्र होता. पुढे अकाऊंट परत हवं असेल तर क्रिप्टोत पैसे टाक, अशी धमकीही मला आली. पैसे दिले नाहीत. कुणीही देऊ नयेत. दिल्यावर परत मिळतंच असं नाही, उलट हा देतो म्हणून पुन्हा मागतात.

हे एकट्यादुकट्याचं प्रकरण नाही. ‘मी बनवलेला गेम खेळून बघतोस का?’ असं विचारत फिरणाऱ्या या बनावट बीटांबद्दल सायबर सुरक्षेतल्या मालवेअरबाइट्स या कंपनीनं जानेवारी २०२५ मध्येच इशारा दिला होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत खुद्द स्टीमवर आलेल्या ‘पायरेटफाय’ नावाच्या फुकट गेममध्ये मालवेअर निघालं. स्टीम चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीनं तो काढून टाकला आणि ज्यांनी तो चालवला त्यांना विंडोज पूर्ण नव्यानं टाकण्याचा विचार करा असं कळवलं. सप्टेंबरमध्ये ‘ब्लॉकब्लास्टर्स’ या गेममुळे कॅन्सरच्या उपचारांसाठी पैसे जमवणाऱ्या एका स्ट्रीमरचे ३२ हजार डॉलरहून जास्त किमतीचे क्रिप्टो त्याचं लाइव्ह चालू असतानाच गेले. तो गेम सुरुवातीला साधाच होता, विष नंतरच्या अपडेटमधून आलं. म्हणजे दुकान मोठं आहे एवढ्यावरही विसंबून चालत नाही.

आता मला जे सर्वांत कळकळीनं सांगायचं आहे ते असं, की ग्राफिक्स, कॉम्बॅट आणि स्टोरी पारखायची जी नजर आपण कमावतो, ती गेम सुरू होण्याच्या आधी, ट्रेलर आणि फाईल समोर असतानाच लावायची. मी ती साइट नंतर दुसऱ्या मशीनवरून, काहीही डाउनलोड न करता, तासन्‌तास बघत बसले.

ट्रेलरमध्ये एकदाही हेल्थ बार नाही, स्टॅमिना नाही, मिनीमॅप नाही, म्हणजे खेळताना पडद्यावर दिसणाऱ्या ताकदीच्या पट्ट्या आणि छोटा नकाशा यातलं काहीच नाही. तलवार उगारली जाते आणि पातं शत्रूला टेकायच्या आधी दृश्य तुटतं. प्रत्येक वेळी. आरपीजीचं कॉम्बॅट जिथे ठरतं ती जागा हीच: घाव लागतो त्या क्षणी ॲनिमेशन किंचित थबकतं का, शत्रू झुकतो का, आवाज कुठे येतो. नेमकी तीच जागा ज्या ट्रेलरमधून कापलेली असते, त्यात खेळलेलं काहीही नसतं. स्क्रीनशॉट पाहिले तर एकात योद्धीच्या चिलखतावर बारीक नक्षी, दुसऱ्यात तीच बाई सपाट, जाड रेषांची. दोन वेगळ्या गेम्समधून उचललेली चित्रं ती. गूगल लेन्सवर टाकल्यावर एक तर थेट दुसऱ्या जुन्या गेमच्या पानावरच सापडलं. आणि स्टोरी म्हणजे ‘प्राचीन अंधार पुन्हा जागा झाला आहे’ छापाचा एक परिच्छेद, ज्यात एकाही गावाचं, माणसाचं, देवाचं नाव नाही. जो माणूस तीन वर्षं एक जग रचतो, त्याला आपल्या त्या जगातल्या गावाचं नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मग आकार. ‘विचर ३’ला २०१५ मध्ये ३५ ते ४० जीबी जागा लागायची. ‘एल्डन रिंग’ ६० जीबी मागतो, ‘बाल्डर्स गेट ३’ तर १५० जीबी. आणि तसंच दिसणारं जग घेऊन आलेली ही झिप शंभर एमबीचीसुद्धा नव्हती. बाकीचं नंतर उतरतं म्हणाले, आणि ते ऐकायला पटतं. पण उलटा डावही असतो. फाईल मुद्दाम फुगवून इतकी मोठी करतात की तपासणाऱ्या साइट्स ती घेतच नाहीत. व्हायरसटोटलवर ६५० एमबीपुढची फाईल चढत नाही. झिपला पासवर्ड लावतात तोही याचसाठी, आत काय आहे ते स्कॅनरला वाचताच येऊ नये म्हणून.

एका ओळखीच्या डेव्हलपरनं ती झिप वेगळ्या, नेट तोडलेल्या मशीनवर उघडून आतलं फोल्डर दाखवलं. युनिटी या गेम बनवायच्या साधनात तयार केलेल्या गेममध्ये युनिटीप्लेअर नावाची डीएलएल फाईल आणि शेजारी डेटाचं फोल्डर असतं. अनरिअल या तशाच दुसऱ्या साधनात बनवलेल्यात सहसा पॅक फाईल्सची रास असते. इथे यातलं काहीच नव्हतं. होती ती ‘ॲप डॉट एसार’ ही फाईल. वेब पानांपासून विंडोजचं ॲप बनवायचं इलेक्ट्रॉन नावाचं साधन आहे, त्याची ती खूण. चॅट ॲपसाठी ते ठीक, पण थ्रीडी आरपीजीसाठी ते कोण वापरेल?

खरा बीटा असा चालत नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० ते ऑगस्ट २०२३ अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, होता, लोकांनी त्यावर ढिगानं मतं दिली, पण सगळं उघड, दुकानातल्या पानावरून. छोट्या टीमसुद्धा स्टीमची की (गेम उघडायचा कोड) देतात किंवा स्टीमच्याच प्लेटेस्टमध्ये नाव नोंदवायला सांगतात. अँटिव्हायरस बंद कर असं कामाशी प्रामाणिक असलेला डेव्हलपर सांगत नाही. आणि त्याला तुमच्या गुणांपेक्षा तुम्ही कुठे अडलात, कुठे मेलात, कुठे कंटाळून सोडलंत, एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) किती मिळाला, यातच जास्त रस असतो.

फाईल चालवून झाली असेल तर त्या मशीनचं नेट ताबडतोब तोडा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून किंवा लॅपटॉपवरून. त्याच मशीनवर बदललेत तर नवा पासवर्डही चोराला आयता मिळेल. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्यांच्या किल्ल्या तिथे आहेत. प्रत्येक ठिकाणी ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ शोधून दाबा, तेव्हाच चोरलेल्या कुकीज निकामी होतात. ईमेलमध्ये चोरानं लावलेले फिल्टर आणि फॉरवर्डिंग तपासा. डिस्कॉर्डचा पासवर्ड बदलला की जुनं टोकन बाद होतं. स्टीमवर वेब एपीआय की (तुमच्या खात्याचे व्यवहार बाहेरून हाताळू देणारी किल्ली) कुणी तयार केली आहे का ते पाहा आणि असेल तर रद्द करा, नाहीतर पुढचे ट्रेडही वळवले जातात. कार्ड ब्लॉक करा. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिऱ्हाइतामुळे झालेल्या फसवणुकीत बँकेला ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा येऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे, म्हणून लेखी कळवा आणि पोच ठेवा. शेवटी विंडोज पुसून नव्यानं टाका. नुसत्या स्कॅनवर समाधान मानू नका.

तक्रार १९३० या नंबरवर किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवर करा. चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट, फाईलची लिंक, समोरच्याचा यूजर आयडी, व्यवहारांचे क्रमांक हाच पुरावा. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली आणि तोतयेगिरी करून फसवणं ६६ डी खाली गुन्हा आहे, दोन्हींत ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘गेमचं काय एवढं’ असं कुणी म्हणालं तर ही कलमं सांगा.

घरात शाळकरी मुलं खेळत असतील तर आईवडिलांनी त्यांच्यावर ओरडू नये, ही विनंती. ओरडा बसेल या भीतीनं मूल रात्रभर गप्प बसतं आणि तेवढ्या वेळात घरच्या लॅपटॉपवरचं सगळं निघून जातं.

माझ्या जुन्या अकाऊंटवरून तुम्हाला असा निरोप आला असेल तर तो मी पाठवलेला नाही. लिंक उघडू नका, अकाऊंट रिपोर्ट करा, आणि फाईल आधीच चालवली असेल तर वर लिहिलेलं आत्ता, दुसऱ्या फोनवरून, ईमेलपासून सुरू करा.