बँडकॅम्प: जुन्या कानांना नवा प्रॉग

प्रॉग म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक, वळणं घेत जाणाऱ्या रचनांचं रॉक संगीत. माझ्या वयाचे प्रॉगवाले भेटले की गप्पा 1975 च्या आसपासच्या बँडांवर येऊन थांबतात. येस, जेनेसिस, किंग क्रिम्सन, कॅमल, आणि मग उसासा. त्यांच्यासाठी हे लिहितेय. नवा प्रॉग रॉक भरपूर आहे, चांगला आहे, आणि तो हुडकायला मला सापडलेली सगळ्यांत उपयोगी जागा म्हणजे बँडकॅम्प ही कलाकारांचं संगीत विकणारी वेबसाईट.

गाणी ऐकवणाऱ्या एका मोठ्या अ‍ॅपची वर्गणी मी बराच काळ भरली. 'खास तुमच्यासाठी' म्हणून त्यात यायचं ते सगळं माझंच जुनं. पिंक फ्लॉइड लावलं की आणखी पिंक फ्लॉइड, फार तर जेथ्रो टल. मला सत्तरच्या दशकातलं आवडतं एवढं त्याला कळलं होतं. त्यातलं नेमकं काय आवडतं, ते सांगायची सोय नव्हती. मला हवं असतं ते असं की गाणं कुठे निघालंय ते पहिल्या पाच मिनिटांत कळू नये, आणि शेवटाला पोचल्यावर मात्र ते दुसरीकडे कुठे जाऊच शकलं नसतं असं वाटावं. घरात वडील रात्री रेडिओवर विलंबित ख्याल लावायचे, त्यामुळे वीस मिनिटं एका जागी बसून ऐकणं मला कधी जड गेलं नाही.

बँडकॅम्पवर प्रत्येक अल्बमचं आपलं एक पान असतं. पैसे भरायच्या आधी बहुतेक वेळा सगळा अल्बम ऐकता येतो. बऱ्याच वेळा ऐकून झालं की 'आता विकत घ्या' अशी चौकट येते, आणि ते योग्यच आहे. पण खरी गंमत कव्हरच्या शेजारी-खाली आहे. तो अल्बम ज्यांनी विकत घेतला त्यांची छोटी छोटी चित्रं तिथे दिसतात. काहींनी दोन ओळी लिहिलेल्या असतात, आवडतं गाणं कुठलं तेही दिलेलं असतं. चित्रावर क्लिक केलं की त्या माणसाने घेतलेलं सगळं संगीत समोर उघडतं.

गोव्यातल्या म्हापशात 1980 च्या दशकात आम्हाला ही गाणी मिळायची ती अशीच, माणसांकडून. शेजारचे अंकल बोटीवर होते. सुट्टीवर आले की पेटीतून एलपी निघायच्या आणि आम्ही कोऱ्या कॅसेटी घेऊन भरून घ्यायला हजर. हणजुणच्या बुधवारच्या बाजारात परदेशी लोक जाण्याआधी स्वतःच्या कॅसेटी विकून टाकायचे, त्यातही कधी कधी घबाड हाती लागायचं. अंकलनी काही दिलं की ते ऐकायचंच, कारण त्यांनी आधी दिलेलं कॅमल आपल्याला आवडलेलं असायचं. एका माणसाच्या आवडीवर टाकलेला तो भरवसा मला बँडकॅम्पवर परत मिळाला.

वॉब्लर हा बँड मला असाच सापडला. मी बिग बिग ट्रेन या इंग्लिश बँडच्या पानावर होते. खरेदीदारांपैकी एकाच्या संग्रहात सत्तरच्या दशकातलं इटालियन प्रॉग खच्चून भरलेलं दिसलं, आणि त्यातलं निम्मं माझ्याही घरात आहे. म्हटलं, या गृहस्थाचं बाकीचंही ऐकायला हवं. त्यात वॉब्लरचा 2017 चा 'फ्रॉम सायलेन्स टू समव्हेअर' होता. नॉर्वेतल्या होनेफॉस गावचा हा बँड 1999 पासून आहे, आणि मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. अल्बमभर मोजून चार रचना, त्यातली पहिलीच जवळजवळ एकवीस मिनिटांची.

यात मेलोट्रॉन आहे, तोही जुन्याच वळणाने वाजवलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मेलोट्रॉन हाही एक कीबोर्डच, पण त्याची पट्टी दाबली की आत त्या सुराची खऱ्या वाद्यावर रेकॉर्ड केलेली टेप फिरू लागते. टेप जेमतेम आठ सेकंदांची. मग पट्टी सोडावीच लागते. त्यामुळे वाजवणाऱ्याला सूर मधेच तोडून पुन्हा धरावा लागतो, आणि त्या तोडण्या-धरण्यातून जो हलका थरथराट येतो तो नव्या कीबोर्डवर मला कधीच ऐकू आला नाही. त्याच्या जोडीला हॅमंड ऑर्गन आणि पुढे येऊन गुरगुरणारा बास. लयीचे तुकडे सारखे बदलत राहतात, पण धागा हातातून सुटत नाही. हे जुन्याची नक्कल करतात असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. घराणं तेच असलं तरी गळा यांचा स्वतःचा आहे.

आता पैशांचं. पैसे कार्डाने किंवा पेपालने भरता येतात. कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतील तर आधी बँकेच्या अ‍ॅपमधून ते सुरू करा, नाहीतर पैसे जाणारच नाहीत. किंमत डॉलर, पौंड, युरो अशी त्या त्या बँडने ठरवलेल्या चलनात असते, आणि वर बँक आपला आकार लावते. एकदा घेतलं की एमपीथ्री किंवा पूर्ण दर्जाचं फ्लॅक उतरवून घेता येतं. आमच्याकडे जून-जुलैत लाईट जाते, मागोमाग नेट जातं. अशा वेळी गाणी स्वतःच्या डिस्कवर असण्याचं मोल कळतं.

डिजिटल विक्रीतला 15 टक्के वाटा बँडकॅम्प घेतं, रेकॉर्ड-सीडीवर 10. 'बँडकॅम्प फ्रायडे'ला हा वाटा सोडून दिला जातो. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे कार्यक्रम बंद पडले तेव्हा कलाकारांना हातभार म्हणून हे सुरू झालं. ठरावीक महिन्यांतच असतं, तारखा आधी जाहीर होतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने चालत असल्यामुळे आपल्याकडे ते दुपारी साडेबारा किंवा दीडला सुरू होतं. मला हे सोयीचं पडतं. शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. सकाळी तिथून येऊन स्वयंपाक आटोपते, जेवते, आणि मग आठवणीत ठेवलेली नावं काढून खरेदीला बसते.

उणिवा आहेत. 'प्रोग्रेसिव्ह रॉक' हे लेबल बँड स्वतःच लावतात, त्यामुळे त्याखाली घशातून ओरडणारं मेटलही ढिगाने येतं. शोधात 'गोवा' टाकाल तर ट्रान्स या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा पूर येईल. मोठ्या कंपन्यांचे जुने क्लासिक अल्बम इथे शोधू नका, बहुतेक मिळत नाहीत. रेकॉर्ड युरोपातून मागवायची तर टपालखर्च मालाच्या किमतीला भिडतो, म्हणून मी तो नाद सोडला. आणि एक काळजी आहेच. 2022 मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेमच्या कंपनीने बँडकॅम्प घेतलं, 2023 मध्ये सॉंगट्रेडर या संगीताचे हक्क वापरायला देणाऱ्या कंपनीला विकलं, आणि त्या बदलात जवळजवळ निम्मी माणसं कामावरून गेली. साईट आज नीट चालते. तरी घेतलेलं सगळं उतरवून ठेवा, त्यांच्या सर्व्हरवर विसंबू नका.

सुरुवात वॉब्लरपासून करू नका. आधी बिग बिग ट्रेन ऐका. 1990 मध्ये बोर्नमथला सुरू झालेला हा बँड आहे, गाण्यांत गोष्टी सांगतो, आणि मधूनच ब्रास येतो. गोव्यात लग्नांत, फेस्तांत ब्रास बँड ऐकून मोठं झालेल्या माणसाला तो आवाज परका वाटणार नाही. त्यांचा गायक डेव्हिड लाँग्डन 2021 मध्ये गेला, आता अल्बर्टो ब्राविन गातो, म्हणून दोघांच्याही काळातलं थोडं थोडं ऐका. ते रुचलं की खरेदीदारांची चित्रं उघडा आणि आपल्या घरातले अल्बम ज्याच्याकडे जास्त दिसतील त्याच्या मागे लागा. वॉब्लर त्यानंतर. हेडफोन लावून, आणि ती एकवीस मिनिटं फोन उचलायचा नाही.