बालविकास आणि कुटुंब अभ्यास: तीन वर्षं शिकून झाल्यावर

'मला मुलं आवडतात' असं पहिल्या दिवशी वर्गात जवळपास सगळ्यांनी सांगितलं, मीही. पण तेवढ्यावर ही पदवी निभत नाही. इथे एकाच मुलाकडे तास तास बघत बसायची चिकाटी लागते.

माझ्या पहिल्याच निरीक्षण-नोंदीत मी लिहिलं होतं, 'मुलगा चिडला आणि त्याने ठोकळे फेकले.' बाईंनी 'चिडला' या शब्दाभोवती गोल केला आणि म्हणाल्या, "हे तुझं मत झालं. दिसलं काय?" पुन्हा आठवून लिहिलं: मनोरा दोनदा पडला, तिसऱ्यांदा त्याने स्वतःच दोन्ही हातांनी ढकलला आणि दाराकडे पाहिलं. त्याच दारातून थोड्या वेळापूर्वी त्याची आई बाहेर गेली होती. पहिल्या नोंदीत ते दार नव्हतंच. या अभ्यासक्रमाने मला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

प्रात्यक्षिकं उत्तम होती. मुलांचा विचार वयानुसार कसा बदलतो हे अभ्यासणाऱ्या मानसशास्त्रज्ञ पियाजेचा पाण्याचा प्रयोग स्वतः करून बघणं वेगळंच. दोन सारख्या पेल्यांत सारखंच पाणी दाखवून त्यातलं एक उंच, अरुंद पेल्यात ओतल्यावर पाच वर्षांची मुलगी म्हणाली, "यात जास्त." परत पहिल्या पेल्यात ओतलं तर "आता सारखं." तिचा आठ वर्षांचा भाऊ मात्र म्हणाला, "तुम्ही वरून काही घातलंच नाही, मग जास्त कसं होईल?"

थिअरीच्या तासांबद्दल असं म्हणवत नाही. अनोळखी खोलीत आई थोडा वेळ बाहेर जाऊन परत आली की बाळ कसं वागतं, यावरून त्यांचं नातं बघणारा मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थचा प्रयोग आम्हाला आठ टप्प्यांच्या तक्त्यात शिकवला, परीक्षेपुरता. त्या जेमतेम वीस मिनिटांच्या प्रयोगामागे बाल्टिमोरमधल्या 26 कुटुंबांकडे बाळाचं पहिलं वर्षभर, दर तीन आठवड्यांनी, सुमारे चार-चार तास जाऊन केलेली निरीक्षणं आहेत, हे मला ग्रंथालयात कळलं. वर्गात आधी हे सांगायला हवं होतं.

कुटुंब अभ्यासाचा पेपर मला सुरुवातीला कोरडा वाटला. मानसशास्त्रज्ञ ब्रॉन्फेनब्रेनरने 1979 मध्ये मांडलेली, मुलाभोवतीचं घर-शाळा आणि त्याबाहेरचं जग दाखवणारी एकात एक वर्तुळं काढायची आणि नावं द्यायची, बस. मग गृहभेटींचा प्रकल्प आला. माझ्या वाट्याची मुलगी बालवाडीत कुजबुजत बोलायची, ताईंच्या मते 'लाजाळू'. चौथ्या भेटीत उलगडलं की तिचे वडील रात्रपाळीला असतात, दिवसा झोपतात, म्हणून घरात सगळेच हळू बोलतात. ज्या कारखान्यात तिने पाऊलही ठेवलेलं नाही, त्याची पाळी तिच्या आवाजात उतरली होती! बाहेरच्या वर्तुळाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

एक तक्रार मनापासून आहे. नुसत्या पदवीवर समुपदेशक किंवा थेरपिस्ट होता येत नाही, त्यासाठी पुढचं शिक्षण आणि देखरेखीखालचा सराव लागतो. हे आमच्या कॉलेजात प्रवेशाच्या वेळी कुणी स्पष्ट सांगितलं नाही. माझ्या मैत्रिणीला ते शेवटच्या वर्षी समजलं आणि तिची घरची सगळी गणितं कोलमडली. संख्याशास्त्रही प्रकल्प संपल्यावर शिकवलं, म्हणजे गोळा केलेल्या नोंदींचं काय करायचं हे उशिरा कळलं.

तरी मी हाच विषय पुन्हा घेईन. तुम्ही प्रवेश घेणार असाल तर इमारत आणि खेळण्यांची खोली नंतर बघा. आधी विचारा, मुलांसोबत प्रत्यक्ष किती तास मिळतात आणि निरीक्षणाच्या वह्या कोण वाचतं. माझी वही दर आठवड्याला परत यायची, पानोपानी पेन्सिलीचे गोल घेऊन.