रेनिसफ्यारा की द्युपालोनसांदुर? आइसलंडच्या दोन काळ्या किनाऱ्यांपैकी एकाची निवड
रेक्याविकहून आग्नेयेला विक गावाजवळ रेनिसफ्यारा आहे, तर वायव्येला स्नायफेल्सनेस द्वीपकल्पाच्या टोकाशी द्युपालोनसांदुर. दोन्ही ज्वालामुखीच्या खडकांतून घडलेले काळे किनारे आहेत, दोन्हींसाठी अख्खा दिवस काढावा लागतो आणि दिशा एकदम विरुद्ध, त्यामुळे मोजक्या दिवसांच्या सहलीत बहुतेकांना एकावर पाणी सोडावे लागते. मी दोन्ही पाहिले आहेत.

रूपाच्या बाबतीत रेनिसफ्यारा उजवा आहे, हे आधीच मान्य करतो. गुहेच्या दोन्ही बाजूंना चढत गेलेले बसाल्टचे कोनीय खांब आणि समुद्रात उभे असलेले रेनिसड्रांगारचे सुळके यांना तोड नाही. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्याने पाहिली आहे त्याला हे खांब ओळखीचे वाटतील, कारण संथपणे निवणारा लाव्हा आकसून तडकतो तेव्हाच ते घडतात, मग तो दख्खनचा असो वा आइसलंडचा.

माझा कौल मात्र एका गोष्टीने फिरला. रेनिसफ्याराला खुल्या अटलांटिकच्या लाटा थेट येऊन भिडतात. बराच वेळ शांत वाटणाऱ्या पाण्यातून एखादी लाट अचानक कितीतरी आत घुसते आणि परतताना माणसाला ओढून नेते. तिथे पर्यटकांचे जीव गेले आहेत, म्हणून २०२२ मध्ये धोक्याची पातळी दाखवणारे दिवे बसवले गेले. समुद्राकडे पाठ करू नये, हा तिथला पहिला नियम. पण खांब आणि गुहा नेमक्या जमिनीच्या बाजूला आहेत! खांब निरखायचे तर समुद्र पाठीशी येतो आणि समुद्रावर लक्ष ठेवायचे तर खांब. मी होतो त्या वेळी एक पसरट, फेसाळ लाट खांबांच्या पायथ्यापर्यंत आली आणि फोटो काढणारी सगळी मंडळी एकदम वर चढली. त्यानंतर माझी नजर पाण्यावरून हलली नाही. ज्यासाठी इतक्या लांब यावे, तेच निवांत पाहता येऊ नये, ही खंत मला फार मोठी वाटते.

द्युपालोनसांदुरला समुद्र सौम्य आहे असे अजिबात नाही. पाण्यात उतरणे तिथेही जिवावर बेतू शकते आणि ती सावधगिरी सुटता कामा नये. परंतु तिथे पाहण्यासारखे बरेच काही पाण्यापासून दूर आहे. वाहनतळावरून उतरणारी पायवाट वेड्यावाकड्या लाव्हाच्या भिंतींमधून जाते आणि वाटेत कोळ्यांची ताकद जोखणारे चार दगड लागतात: सर्वांत जड १५४ किलोंचा, सर्वांत हलका २३ किलोंचा. ५४ किलोंचा दगड ज्याला उचलता येत नसे त्याला होडीवर काम मिळत नसे. पुढे काळ्या गोट्यांवर गंजून तांबूस झालेले लोखंडाचे वाकडे पत्रे विखुरलेले दिसतात. ते ग्रिम्सबीच्या ‘एपीन’ या मच्छीमार जहाजाचे अवशेष आहेत. १३ मार्च १९४८ रोजी ते इथे फुटले, १४ जण बुडाले आणि ५ जणांना वाचवता आले. मृतांच्या स्मरणार्थ ते लोखंड तसेच राहू दिले आहे. त्याला हात लावू नये. त्या पत्र्यांपाशी मी बराच वेळ थांबू शकलो, आणि तसे थांबणे मला रेनिसफ्याराला जमले नव्हते.

अर्थात ज्याच्याकडे हिवाळ्यातला एकच दिवस आहे, त्याने दक्षिणेचा मुख्य रस्ता धरून रेनिसफ्याराला जाणे कदाचित अधिक सोयीचे ठरेल. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनाही द्युपालोनसांदुरची उतरण आणि पायाखाली सरकणारे गोटे जड जातील. पण उन्हाळा असेल आणि चालण्याची तयारी असेल, तर मी स्नायफेल्सनेसच सुचवेन, आणि तिथून सुमारे किलोमीटरभर चालून द्रितविक या जुन्या मासेमारी तळापर्यंतही जावे. जाड तळव्यांचे बूट घालावेत. आणि तिथले गुळगुळीत काळे गोटे कितीही मोहक वाटले तरी खिशात टाकू नयेत, कारण ते नेण्यास मनाई आहे.